आर आल्याशिवाय खांबाला हात नाही

खांबाखाली उभे राहिले, की मिस्त्री आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. समोर मोटरसायकलच्या सीटवर त्यांचा काळा, बटणांचा फोन ठेवलेला असायचा आणि ते कमरेत वाकून त्याच्याकडे टक लावून पाहायचे. बाजूला माणसं कमरेचे पट्टे बांधून तयार असायची. कुणी तंबाखू मळायचा, कुणी उगाच आभाळाकडे बघायचा. एखादा नवखा कंटाळून खांबाकडे एक पाऊल टाकायचा, तर मान वर न करता मिस्त्री म्हणायचे, "आर आल्याशिवाय खांबाला हात न्हाई."

हात पाठीमागे का बांधता, असं मी एकदा विचारलं होतं. हात मोकळा असला की तो आपल्याला न विचारता खांबाला जातो, म्हणाले.

हा माणूस वेल्ह्याच्या बाजूला विजेच्या तारा सांभाळायचा. कागदोपत्री लाईनमन, पण शाखेतले सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. मी तिथल्या सबस्टेशनची ऑपरेटर. तुमच्या घरातली वीज गेली की तुम्ही ज्यांच्या नावानं बोटं मोडता, त्यांच्यातली एक. काम साधं असतं. डोंगरात तारेवर काम करायचं असेल तेव्हा खालची माणसं मला सांगणार, मी लाईन बंद करणार. काम झालं की ते सांगणार, मी चालू करणार. त्या दोन निरोपांच्या मधे जी माणसं वर लटकलेली असतात, त्यांचा जीव माझ्या टेबलासमोरच्या, लाईन बंद-चालू करायच्या एका दांड्यावर असतो.

मी कामथडीची. माझी नेमणूक झाली तेव्हा गावात मोठी चर्चा झाली, बाईमाणूस लाईट सोडणार म्हणजे काय. शाखेतही काही वेगळं नव्हतं. पहिल्या दिवशी जो तो येऊन मला पाहून गेला, जशी मी नवी म्हैस होते. मिस्त्री सगळ्यात शेवटी आले. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. एवढंच विचारलं, "ऐकून काम करता का वाचून?"

मी म्हटलं, वाचून.

"मग जमंल," म्हणाले आणि खिशातून तो काळा फोन काढून दाखवत त्यांनी तसाच एक दुसरा माझ्या हातात दिला.

त्या फोनची गोष्ट सांगायला हवी. एके काळी पुण्यातले मोठ्या हुद्द्याचे लोक तो कमरेला लावून हिंडायचे. त्यावर त्यांचं स्वतःचं मेसेजचं ॲप होतं, त्याच कंपनीच्या फोनवरून त्याच कंपनीच्या फोनवर चालणारं. ज्याच्याकडे ते असेल, तो दुसऱ्याला नंबर विचारायचा नाही, त्याचा आठ अक्षरांचा पिन विचारायचा. आमच्या साहेबांच्या मेव्हण्याच्या ऑफिसनं एकदा सगळे जुने फोन बदलले आणि त्यातले आठ आमच्या शाखेत आले. साहेबांना वाटलं होतं, पोरांना जरा हौस. मिस्त्रींनी त्यात हौस पाहिलीच नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की या ॲपवर मेसेज पोचला की समोर इंग्रजी डी उमटतो, आणि पलीकडच्यानं तो उघडला की डी जाऊन आर येतो.

"डी म्हंजे पत्र पेटीत पडलं," ते सगळ्यांना समजावत हिंडले. "आर म्हंजे पाकीट फोडलं."

पासली, केळदच्या बाजूला तेव्हा फोन लागणं म्हणजे नशिबाची गोष्ट. लागला तरी अर्धं वाक्य वाऱ्यावर जायचं, आणि अर्ध्या वाक्यावर लाईन बंद-चालू करायला कुणाची छाती होणार. मेसेज मात्र कण्हत-कुथत का होईना पोचायचा. मिस्त्रींनी त्यावर शाखेची रीतच बसवली. ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, लाईन बंद करा, वर इतकी माणसं. मी उघडलं की तिकडे आर. मी लाईन बंद करून दांड्याला 'माणसे काम करीत आहेत' ही पाटी अडकवायची आणि उलट निरोप पाठवायचा, बंद केली. तो त्यांनी वाचला की माझ्याकडे आर. मग ते तारेला जमिनीशी जोडणारी साखळी अडकवणार, आणि मगच माणूस वर चढणार. काम झाल्यावर पुन्हा एक मेसेज, सगळे खाली, आणि पुढे प्रत्येकाचं नाव. नुसतं 'चौघे खाली' त्यांना चालायचं नाही. आकडा चुकतो, म्हणायचे, नाव चुकत नाही.

आम्हा आठही जणांचे पिन त्यांनी सबस्टेशनच्या भिंतीवर तेलाच्या रंगानं लिहून ठेवले होते. स्वतःचा हेल्मेटच्या आतून लिहिला होता. डोकं विसरलो तरी पिन सापडायला पाहिजे, असा त्यांचा हिशेब.

आता तुम्हीही पाहिलं असेल, ही फोनची दुनिया कशी फिरली. दोन-तीन वर्षांत बोटानं सरकवायचे फोन आले. सुदाम हा आमचा विंझरचा वायरमन, हाताला चपळ आणि तोंडाला त्याहून चपळ, त्यानं पहिला घेतला. मग गणपतीत एकानं, दसऱ्याला दुसऱ्यानं. त्या फोनांवर मिस्त्रींचं ॲप नव्हतं, पण दुसरं एक नवं ॲप होतं, त्यात अख्खा तालुका जाऊन बसला होता. लग्नाच्या पत्रिका तिकडे, क्रिकेटच्या टीम तिकडे, सोयरे तिकडे. बटणांचे फोन लेकरांच्या खेळण्यात गेले. मीही नवा घेतला. भावानं राखीला दिला तो, आणि खरं सांगायचं तर मला भारी आवडला होता. जुना मी टेबलाच्या खणात ठेवला, मिस्त्रींच्या एकट्यासाठी.

त्या काळात त्यांची इतकी थट्टा झाली, की मला आज लाज वाटते, कारण त्यात मीही होते. तुमचा फोन आता गडावर नेऊन तोफेशेजारी ठेवा, असं मीच म्हटलं होतं. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. तुमच्यात आर हाय का, एवढंच विचारायचे. सुदाम त्यांना दाखवायचा, हे बघा मिस्त्री, मेसेज गेला की एक बरोबरची खूण, वाचला की दोन बरोबर. मिस्त्री त्या खुणांकडे चष्मा वर करून बघायचे. वाचला की दोन, हे तुला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं तर सुदाम म्हणाला, सगळेच म्हणतात.

सगळेच म्हणत होते. मीही तेच समजत होते. त्या वेळी त्या दोन खुणांचा अर्थ एवढाच होता, की मेसेज समोरच्या फोनात पोचला. फोन टेबलावर एकटा पडलेला असला तरी दोन खुणा उमटायच्याच. आमच्यातल्या एकानंही हे ताडून पाहिलं नव्हतं.

आषाढातली गोष्ट. दोन दिवस झोडपून पावसानं उघडीप दिली होती. केळदच्या अलीकडे तारेवर मोठी फांदी पडून एक तार सुटली होती. सकाळी सुदामचा फोन चक्क लागला. मी रीतसर लाईन बंद केली, पाटी अडकवली. मग तो म्हणाला, मॅडम, हितनं पुढं फोन लागायचा न्हाई, आमी एक वाजेस्तोवर उरकतो, एकला चालू करा. आणि मी बरं म्हटलं.

घड्याळ लावून लाईन चालू करायची नसते. हे आम्हाला प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवतात, आणि मी ते शिकले होते. पण आधीच्या महिन्यात दोनदा तसं केलं होतं, काही झालं नव्हतं, म्हणून तिसऱ्यांदा केलं.

पाऊण वाजता मी बाहेर यार्डात होते. एका ट्रान्सफॉर्मरमधून तेल पाझरत होतं, ते बघण्यात हात बरबटले. नवा फोन आत टेबलावर चार्जिंगला होता, जुना खणात. आत आले, हात पुसले, घड्याळ पाहिलं. एक वाजला होता. पाटी काढली आणि दांडा फिरवला.

लाईन क्षणभर टिकली आणि दणका देऊन आपोआप बंद पडली. म्हणजे तारेवर काहीतरी होतं. मी वळून फोन उचलला. त्यावर सुदामचा मेसेज होता, पंधरा मिनिटांपूर्वीचा. अजून काम राहिलंय, आम्ही दोघं वर चढतोय, चालू करू नका.

पुढचा वेळ किती होता ते मला आजही सांगता यायचं नाही. मी सुदामला फोन लावत होते, लागत नव्हता. पुन्हा लावत होते. त्याची लेक तेव्हा पहिलीत होती, तिचा शाळेच्या गणवेशातला फोटो त्यानं आदल्याच दिवशी मला दाखवला होता, तो सारखा डोळ्यांपुढे येत होता. मी दोन माणसं मारली, एवढं एकच वाक्य डोक्यात होतं. मग कशानं ते आठवत नाही, पण मी खण उघडला. जुन्या फोनचा लाल दिवा लुकलुकत होता.

दोन मेसेज होते, दोन्ही मिस्त्रींचे. पहिला, वर दोघे, चालू करू नका. दुसरा, सगळे खाली, आणि पुढे तीन नावं. सुदामचं, त्याच्याबरोबरच्या दत्तूचं, आणि शेवटी स्वतःचं.

तिकडे काय घडलं ते नंतर कळलं. मिस्त्री दोन खांब पलीकडे फांद्या तोडून घेत होते. सुदाम मला मेसेज टाकून पुन्हा वर चढला, दत्तू त्याच्या पाठोपाठ, तेवढ्यात ते तिथे पोचले. मॅडमना कळवलं का, त्यांनी खालून विचारलं. सुदामनं वरूनच सांगितलं, की एकची वेळ ठरली होती, पण आता मेसेज टाकलाय, दोन बरोबर आलेत, मॅडमनी वाचलं. वेळ ठरली होती हे ऐकल्याबरोबर मिस्त्रींनी आपला फोन काढला, मला मेसेज पाठवला आणि तो मोटरसायकलच्या सीटवर ठेवला. डी आला. एक मिनिट गेलं, दोन गेली. डी तसाच राहिला.

"खाली या," ते म्हणाले.

सुदाम म्हणाला, मिस्त्री, पाच मिनिटांचं काम राहिलंय, आता उतरायचं आणि परत चढायचं म्हणजे.

"मॅडम फोनजवळ न्हाईत. माझा आर आला न्हाई. खाली या दोघं."

कुरकुरत, अवजारं तशीच वर लटकत ठेवून दोघं उतरले. साखळी अडकवलेलीच होती. पण नुसत्या साखळीच्या भरवशावर माणूस वर ठेवायचा नसतो, ती एखाद्या वेळी हलते, सुटते. मिस्त्रींनी त्यांना खांबापासून लांब, बांधाच्या पलीकडे नेऊन उभं केलं. एक वाजता त्या साखळीवर आवाज झाला आणि ठिणग्या उडाल्या, त्या तिघांनी पाहिल्या. वीज त्या साखळीवाटे जमिनीत गेली, म्हणूनच लाईन बंद पडली होती. सुदाम तिथेच मटकन खाली बसला, असं दत्तू सांगतो. मिस्त्री मात्र उभेच होते. त्यांनी दुसरा मेसेज लिहिला, नावं घातली, आणि फोनकडे बघत राहिले. त्यावर आर आला, म्हणजे मी खण उघडला, तेव्हा ते खाली बसले.

तासाभरानं तिघं सबस्टेशनवर आले, चिखलानं भरलेले. मी त्यांना काय बोलले ते सोडा. समोर नोंदवही उघडी होती. लाईन बंद पडली की वेळ आणि कारण लिहावं लागतं. वेळ मी लिहिली होती, कारणाची जागा रिकामी होती.

सुदाम म्हणाला, "फांदी लागली म्हणून लिवा, मॅडम. मिटलं. कोन इचारतंय?"

खरंच कोणी विचारलं नसतं. पावसाळ्यात दिवसातून चारदा फांद्या लागतात. माझी नोकरी तशी अजून नवीच होती, कामथडीत अजूनही माझ्याबद्दल बोलणं चालू होतं, आणि सुदामवरही शेकलं असतं. मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली असती, हो किंवा नाही, तर मला किती सोपं झालं असतं. ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि हात पाठीमागे बांधलेले होते.

मी लिहिलं. माणसे खाली आल्याचा निरोप न घेता, ठरवलेल्या वेळेवर लाईन चालू केली, चूक माझी. खाली सही केली.

मिस्त्रींनी वही स्वतःकडे ओढली. चष्मा नाकावर घेऊन सावकाश वाचलं. मग तेच पेन उचलून त्याखाली त्यांनी लिहिलं, माझ्या माणसाने वेळ ठरवली, माझे लक्ष नव्हते, चूक माझीही. आणि वही सुदामपुढे सरकवली. सुदामनं बराच वेळ डोकं खाजवलं, पण सही केली.

चौकशी झाली. मला लेखी ताकीद मिळाली, ती आजही माझ्या सेवापुस्तकात आहे. साहेब बोलायचे ते बोलले. मिस्त्रींनी मात्र त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. मला वाटायचं, त्यांना माझी कीव आली असेल. कुणी आपल्या चुकीबद्दल बोलत नाही हेही फार टोचतं, आणि मला ते टोचत राहिलं.

त्यानंतर शाखेत जो तो आर मागायला लागला. पण आणायचा कुठून? जुने फोन गेले होते, कुणाचं बटण तुटलेलं, कुणाचा चार्जर उंदरानं खाल्लेला. मिस्त्रींनी चार-पाच महिने सगळ्यांचा आर एकट्याच्या खिशात घालून वाहिला. कुठल्याही खांबावर कुणी चढणार असेल, की ते तिथे आधी पोचायचे. कुठं मार्गासनी, कुठं केळद. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण एकदाही कुरकुर केली नाही.

आणि मग एका सकाळी ते पेपरची घडी काखेत मारून आले. चेहऱ्यावरून वाटलं, घरात लग्न ठरलं. बातमी अशी होती, की त्यांच्या फोनचं ते ॲप आता बोटांच्या फोनांवरही येणार. जी कंपनी इतकी वर्षं आपलं ॲप कुणाला हात लावू देत नव्हती, तिनं आता दारं उघडली होती. जग पुढे निघून गेल्यावर उघडली, ही गोष्ट वेगळी.

ठरल्या दिवशी ते आलंच नाही. काहीतरी बिघडलं आणि पुढे ढकललं. सुदामला तेवढंच निमित्त मिळालं, तो म्हणाला, मिस्त्री, तुमची एसटी फेल झाली. महिनाभरानं आलं, तर आत जायला रांग. आपला ईमेल द्यायचा आणि वाट बघायची, नंबर लागला की कळवतो म्हणे. आमच्यातल्या निम्म्यांना ईमेल म्हणजे काय हे धड माहीत नव्हतं. सुदामनं नसरापूरच्या मोबाईल दुकानवाल्याचा दिला, दत्तूनं मेव्हण्याचा. रोज सकाळी मिस्त्री एकेकाला विचारायचे, लागला का नंबर. गॅसच्या टाकीची चौकशी करावी तसं. आणि त्यात त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं स्पष्ट दिसायचं.

"माझ्या फोनातलं तुमच्या फोनात घ्यायला रांग लागलीया," ते म्हणाले. "आता सांगा, जुनं कोन ते."

इतके दिवस ऐकून घेतलेल्या थट्टेला त्यांनी दिलेलं उत्तर ते एवढंच. आम्ही सगळे हसलो, सुदाम सगळ्यात जोरात.

एकेकाचा नंबर लागत गेला. भिंतीवरचे जुने पिन पुसून त्यांनी नवे लिहिले. शेवटचा दत्तूचा लिहून झाल्यावर ब्रश हातात धरून ते भिंतीपासून चार पावलं मागे गेले आणि बघत राहिले. आठच्या आठ. मला त्यांचा तेव्हा फार अभिमान वाटला, आणि मी चहा टाकला.

त्या ॲपवर आमच्याशिवाय कुणीही नव्हतं, हेही सांगायला हवं. सुदामची बायको नव्हती, साहेब नव्हते, अख्ख्या वेल्ह्यात आम्ही आठजणच त्यात बोलत असू. जगाच्या दृष्टीनं ते उशिराच आलं होतं. आम्ही त्यावर एकही विनोद पाठवला नाही, एकही फोटो टाकला नाही. देवपूजेची पळी कुणी चहाच्या कपात घालत नाही, तसं ते ॲप होतं. लाईन बंद, लाईन चालू, सगळे खाली. बास.

वर्षभरानं दुसऱ्या ॲपलाही शहाणपण आलं. वाचलं की तिथल्या दोन्ही खुणा निळ्या व्हायला लागल्या. मी मनातून चरकले. आता मिस्त्रींना कसं सांगायचं, की तुमच्या ॲपची गरज संपली. दोन दिवस मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, की निळ्याचं काय प्रकरण आहे, दाखवा.

त्यासाठी त्यांनी एक बोटांचा फोनही घेतला आणि तीन आठवडे ते ताडून पाहिलं. मला समोर बसवून मेसेज पाठवायचे आणि म्हणायचे, आता उघडू नका. आता उघडा. फोन पालथा ठेवा. बंद करून चालू करा. आणि त्यात त्यांना एक खोट सापडलीच. सेटिंगमध्ये जाऊन माणूस आपली निळी खूण बंद करू शकतो, म्हणजे वाचूनही न वाचल्यासारखा राहू शकतो. त्यांना हे भयंकर वाटलं. ज्याला वाचलेलं लपवायचंय, त्याच्या भरवशावर चढायचं कसं?

मग निघाली सोमवारची तपासणी. दर सोमवारी हजेरीच्या वेळी प्रत्येकानं फोन उघडून त्यांच्यापुढे धरायचा आणि निळी खूण चालू असल्याचं दाखवायचं. सुदाम तीन वेळा सापडला. बायकोचे मेसेज वाचलेच नाहीत असं दाखवायला त्यानं ती बंद केली होती. मिस्त्री म्हणाले, "घरात काय लपवायचं ते लपव. खांबावर लपवायचं न्हाई." तेव्हापासून सुदामची बायको मिस्त्रींना आपला माणूस समजायला लागली.

तीन आठवडे पुरे झाले त्या दिवशी त्यांनी सबस्टेशनवर येऊन काळा फोन बंद केला, फडक्यात गुंडाळला आणि खिशात ठेवला. मी म्हटलं, मिस्त्री, वाईट नाही वाटत? इतक्या थट्टा सोसून सांभाळला.

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. मला फोनचं काय करायचंय, म्हणाले, मला वाचल्याची खूण पाहिजे होती. मग कशाला बसायचं धरून? त्या दिवशी मला कळलं, की इतकी वर्षं आम्ही ज्याला हट्ट समजत होतो, त्यात हट्ट कुठेच नव्हता.

पुढे ते रिटायर झाले आणि आपल्या गावी, भोंगवलीला गेले. त्यांच्या बत्तीस वर्षांत त्यांच्याबरोबर खांबावर चढलेला एकही माणूस दगावला नाही. ही गोष्ट निरोपसमारंभात कुणी सांगितली नाही, कारण जे घडत नाही त्याची नोंद कुठे होत नसते. मी इथे मुद्दाम करते आहे. त्यानंतर काही वर्षांनी ते जुनं ॲप कंपनीनं कायमचं बंद केलं. मी त्यांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, बरं झालं, काम झालं त्याचं, आणि लगेच विचारलं, सोमवारची तपासणी चालू आहे का. ती चालू होती. आता सुदाम घेत होता.

गेल्या वर्षी मिस्त्री गेले. चालता-बोलता गेले, शेतावरून येऊन ओट्यावर टेकले तेवढंच. आम्ही सगळे भोंगवलीला दहाव्याला गेलो. मी त्यापूर्वी कधी त्यांच्या घरी गेले नव्हते, त्यांच्या घरच्यांनी मला पाहिलंही नव्हतं. बायकांच्यात जाऊन बसले आणि वेल्ह्याच्या सबस्टेशनवर होते, एवढं सांगितलं. काकींनी, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नीनं, मान वर केली. त्यांचे डोळे रडून सुजले होते, पण त्यांनी मला नीट निरखून बघितलं.

"तुमीच का त्या?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आता त्या दिवसाचा विषय निघणार. इतक्या वर्षांनी, आणि या घरात. मी खाली बघून म्हटलं, हो, काकी, मीच ती.

काकी शेजारच्या बायकांकडे वळल्या. "ह्यांच्याच गोष्टी सांगायचे. नातवंडं बसली की सांगायचे, पावणं आलं की सांगायचे. आमच्या वेल्ह्याला एक मॅडम हाय, म्हनायचे, कुनी बघत नव्हतं तरी तिनं आपली चूक आपल्या हातानं वहीत लिवली. लई गाजावाजा करायचे तुमचा." मग त्यांनी माझा हात हातात घेतला. "म्या म्हनायची, एवढं काय त्यात. तर म्हनायचे, तुला न्हाई कळायचं, म्या तिथं हुतो."

ज्या ओळीची मला दहा वर्षं लाज वाटत होती, ती हा माणूस भोंगवलीत आल्या-गेल्याला अभिमानानं सांगत होता, आणि मला मात्र कधी बोलला नव्हता. काकींच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले. बाहेर मांडवात सुदाम आणि दत्तू पंगतीला पाणी वाढत होते.